रिकामी मूठ

आमच्या मंदिरात अर्पण गोळा करण्यासाठी तांबड्या मखमलीची एक थैली आहे. (चर्चला मंदिर म्हणण्याची आमच्या घरची जुनी सवय आहे, वाचकांनी गोंधळू नये.) या थैलीला दोन बाजूंना दोन लाकडी मुठी आहेत. उपासनेत गीत सुरू झाले की ती पहिल्या बाकापासून निघते आणि हातोहात शेवटच्या बाकापर्यंत जाते. ज्याने कोणी ही थैली प्रथम शिवली, त्याला माणसाच्या मनाची चांगली पारख असली पाहिजे. ताटात टाकलेले नाणे वाजते, नोट दिसते. थैलीत मात्र बंद मूठ आत जाते आणि उघडा हात बाहेर येतो. मधल्या अंधारात काय घडले ते टाकणाऱ्याला ठाऊक आणि देवाला ठाऊक. श्रीमंताने मिरवू नये आणि गरिबाने लाजू नये, यासाठी केलेली ही सोय.

परंतु सोय कितीही चांगली असली, तरी तिच्यातून पळवाट काढण्याची कला माणसाला उपजतच येते. मी थैलीत कधी सुटे पैसे टाकीत नसे. माझे पाकीट असे. पाकिटावर माझे नाव, महिना आणि रकमेचा आकडा स्वच्छ अक्षरात लिहिलेला असे. खजिनदारांना नोंद ठेवणे सोपे जावे म्हणून, असे मी सांगत असे. वर्षअखेरीस मंडळीचा छापील अहवाल निघतो आणि त्यात वर्गणीदारांची यादी असते. अहवाल हाती आला की मी आधी पाळकसाहेबांचे निवेदन वाचीत असे, असे येथे लिहायला मला फार आवडले असते. खरे सांगायचे तर मी आधी माझे नाव शोधीत असे; मग माझ्या वरची नावे पाहत असे आणि मग खालची. खालची नावे वाचताना मनाला एक प्रकारचा गोड शांतपणा वाटे. त्या शांतपणालाच मी श्रद्धा समजत होतो.

ही गोष्ट काही वर्षांपूर्वीची. मी महाविद्यालयात मराठी शिकवितो. तेव्हा शिकवीत होतो ते तासिका तत्त्वावर. म्हणजे जितके तास तितके पैसे, आणि तेही बिल मंजूर होऊन येईल तेव्हा. बाहेरच्या जगाला यातला बारकावा माहीत नसतो. ते आपले 'प्राध्यापक' म्हणून मोकळे होते. आणि हा शब्द इतका भारदस्त आहे की त्याच्या जोरावर वाणी उधारी देतो आणि घरमालक भाडे वाढवितो! त्या वर्षी पावसाळ्यात सत्र सुरू झाले, पण पैसे सुरू झाले नाहीत. बिलाचा कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात होता. तो प्रत्येक टेबलावर दोन-दोन आठवडे विश्रांती घेत होता, एवढेच मला कळे.

माझी पत्नी एका बालवाडीत शिकविते. तिचा पगार घरभाड्यात संपे. मग घरात काटकसर सुरू झाली. दुधाची एक पिशवी कमी झाली, कारण चहा प्रकृतीला वाईट. रिक्षा बंद झाली, कारण चालणे प्रकृतीला चांगले. मुलीच्या शाळेची सहल आली, तेव्हा पावसाळी हवेत मुलांना इतक्या लांब नेणे बरे नव्हे असे मी ठरविले. आमच्या घरी त्या दिवसांत पैशाचा दुष्काळ होता, पण चांगल्या कारणांचा सुकाळ होता. 'व्याज' या शब्दाचा एक अर्थ ढोंग, असे मी व्याजोक्ती शिकविताना वर्गात सांगत असे. दुसरा अर्थ पतपेढीच्या हप्त्याने शिकविला. दोन्ही अर्थ एकाच घरात कसे सुखाने नांदतात, ते मी त्या चार महिन्यांत पाहिले.

कारण अर्पणाचे पाकीट मात्र मी बंद केले नव्हते. पहिल्या महिन्यात ते शिलकीतून भरले. दुसऱ्या महिन्यात पत्नीच्या भिशीतून. तिसऱ्या महिन्यात एका सहकाऱ्याकडून उसने पैसे घेतले आणि पाकिटात घातले. उसने घेऊन मी देवाला दिले! पण देवाला कशाचे? अहवालाला दिले.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी उसने मागायलाही कोणी उरले नव्हते. खिशात परतीच्या बसपुरती नाणी होती. गीत सुरू झाले, थैली निघाली. माझ्या शेजारी बँकेतले एक गृहस्थ बसले होते. त्यांनी आपले पाकीट सरकविले आणि थैली माझ्याकडे दिली. तिला नुसते पुढे जाऊ दिले असते, तरी कोणी काही म्हटले नसते. पण माझा हात आपोआप खिशाकडे गेला, मूठ मिटली, थैलीत शिरली, तिथे उघडली आणि बाहेर आली. मुठीत काही नव्हते.

घरी जाताना मला हनन्या आणि सप्पीरा आठवले. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातले हे नवरा-बायको. त्यांनी जमीन विकली, काही पैसे स्वतःकडे ठेवले आणि उरलेले प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले. जणू सगळेच आणले. दोघेही एकामागून एक तिथेच मरून पडले. रविवारच्या शाळेत ही गोष्ट ऐकली, तेव्हा शिक्षा फार कडक वाटली होती. जमीन त्यांची, पैसा त्यांचा. थोडा ठेवून घेतला तर काय बिघडले? पण पेत्रही नेमके हेच विचारतो. पैसा तुझाच होता, मग खोटे कशाला, असा त्याचा सवाल आहे. दोष ठेवून घेण्याचा नव्हता, सगळे दिल्याचे भासविण्याचा होता. त्या दोघांनी निदान काही तरी दिले होते.

आणि ती दुसरी विधवा! मंदिराच्या भांडारात तिने आपली दोन नाणी टाकली आणि प्रभूने तिचे दान सगळ्यांहून मोठे ठरविले. मराठी बायबलात तिच्या नाण्यांना 'टोल्या' म्हटले आहे. दोन टोल्यांची एक दमडी. दमडी आपल्याकडे म्हणींपुरती तरी उरली आहे, टोली तीही उरली नाही. मराठीचा शिक्षक म्हणून या शब्दांवर माझे प्रेम. या विधवेवर मी तरुणांपुढे एकदा चांगले तासभर भाषण केले होते. त्या वेळी माझ्या खिशात पैसे होते, हे सांगायला नकोच.

आमच्या मंदिरात घंटा वाजविणारे एक काका आहेत. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. झाडलोट करणे, बाक पुसणे, भरलेली थैली खजिनदारांकडे पोचविणे ही त्यांची कामे. अहवालात त्यांचे नाव यादीच्या तळाशी असे आणि त्यांचा आकडा वाचून मी मनात 'बिचारे' म्हणत असे. त्या रविवारनंतरच्या मंगळवारी संध्याकाळी हे काका तीन जिने चढून आमच्या दारात आले. हातात जड पिशवी होती.

"सर, गावाहून भावानं ज्वारी पाठवली आहे. घरची मालदांडी. आम्ही म्हातारा-म्हातारी दोघंच, किती खाणार? पडून राहिली की किडे होतात. थोडी तुम्ही घ्या."

किती विचाराने केलेले वाक्य होते ते! त्यात माझ्या गरजेचा उल्लेख नव्हता. उलट मी ज्वारी घेतली तर त्यांच्यावरच उपकार होणार होते. पण मी म्हणालो, "छे छे, काका! आमच्याकडे भरपूर आहे. आणि आम्ही पोळ्याच खातो." या लहानशा बोलण्यात दोन असत्ये होती. काका "बरं, सर" म्हणाले आणि पिशवी घेऊन जिना उतरून गेले. त्यांची पावले तीन जिने मला ऐकू येत होती.

पत्नी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "डब्यात पीठ किती आहे, ठाऊक आहे तुम्हांला?"

"अगं, घेतली असती तर उद्या सगळ्या मंडळीत झालं असतं."

"ते काका बोलणारे आहेत का?" ती म्हणाली. मग थोडे थांबून, आवाज न चढविता म्हणाली, "अहो, रोज रात्री प्रार्थनेत तुम्ही भाकर मागता ना? ती यायची कशी असं तुम्हांला वाटतं? आभाळातून? ती अशीच कुणाच्या तरी पिशवीतून, जिने चढून यायची. आज आली होती. तुम्ही परत पाठवलीत."

माझ्याजवळ एम.ए.ची पदवी आहे, तिच्याजवळ नाही. तरी उत्तर मला सुचले नाही.

त्या रात्री झोप आली नाही. प्रभूने शिष्यांना शिकविलेली प्रार्थना मी लाख वेळा म्हटली असेल. तिच्यात पोळी नाही, पक्वान्न नाही. मराठीत आणणाऱ्यांनी तिथे साधी भाकर ठेवली. आणि तीसुद्धा आजच्यापुरती. महिन्याची बेगमी नाही. ही मागणाऱ्याची प्रार्थना आहे. मी मात्र आजवर ती देणाऱ्याच्या तोऱ्यात म्हणत आलो होतो. 'मला इतके दे, की मला देता यावे आणि माझे नाव यादीत वर राहावे,' असा तिचा अर्थ माझ्या मनाने परभारे करून टाकला होता.

मग जाणवले, की भाकर घेण्याची ही लाज माझी एकट्याची नव्हे. ती आमच्या घरात चार पिढ्यांची आहे. आमचे घराणे नगर जिल्ह्यातल्या (त्याला आता अहिल्यानगर म्हणतात) एका खेड्याच्या वेशीबाहेरचे. १८९९-१९०० च्या दुष्काळात माझे पणजोबा खेडे सोडून नगरला आले आणि पुढे ख्रिस्ती झाले. शाळेत असताना एका मुलाने मला "पोटासाठी बाटलेले" म्हटले होते. मी रडत घरी आलो, तेव्हा वडिलांनी मला मांडीवर घेऊन सांगितले, की आपले पणजोबा रेव्हरंड टिळकांचे कीर्तन ऐकून ख्रिस्ती झाले. पुढे कितीतरी वर्षे मी हे अभिमानाने सांगत होतो.

नारायण वामन टिळकांचे नाव घेतले की तोंडे कशी बंद होतात, हे मराठी ख्रिस्ती माणसाला विचारावे. कोकणस्थ ब्राह्मण, नामवंत कवी; १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नगरला येऊन राहिले. त्यापायी त्यांनी आप्त गमावले. लक्ष्मीबाईंसारखी पत्नी काही वर्षे दुरावली. 'स्मृतिचित्रे' वाचलेला कोणीही त्यांना पोटासाठी बाटला म्हणणार नाही. पुढे १९१७ साली त्यांनी मिशनची नोकरीही सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. पंडिता रमाबाईंचे तसेच. दुष्काळातल्या शेकडो मुलींना केडगावला आणून सांभाळले, ते ठरावीक उत्पन्नाचा आधार नसताना. अशा माणसांपुढे आपण मान लववितो. आपण होऊन पत्करलेल्या दारिद्र्याला एक तेज असते. पण अंगावर येऊन कोसळलेल्या दारिद्र्याला? त्याला आपण लपवितो. वडिलांनी टिळकांच्या दिव्यावर आमची पणती लावून घेतली, ती एवढ्यासाठी.

खरी हकीकत मला माझ्या आत्याने सांगितली होती, तिच्या अगदी उतारवयात. "कसलं कीर्तन रे! ज्वारी होती ती," ती म्हणाली. मिशनच्या आवारात धान्य मिळते असे ऐकून पणजोबा उपाशीपोटी चालत आले. पहिली भाकर खाल्ली आणि ढसढसा रडले. मग त्यांनी विचारले, ही कोणाच्या नावाने देता? नाव कळले तेव्हा म्हणाले, "मग त्याचं मला सांगा." बाप्तिस्मा त्यानंतर दोन वर्षांनी. "पाऊस पडला तसे कितीतरी जण गावी परत गेले," आत्या म्हणाली. "आजोबा नाही गेले. पोटानं आणलं त्यांना. पण राहिले ते मनानं."

ही हकीकत मी ऐकली आणि मनाच्या तळाशी पुरून टाकली. माझ्या मुलीलाही मी कीर्तनाचीच गोष्ट सांगत होतो.

आता त्या रात्री ती वर आली. योहानाच्या शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन मासळ्यांवर पाच हजारांना जेवू घातल्याची कथा आहे. दुसऱ्या दिवशी तीच माणसे शोधीत आली, तेव्हा तुम्ही पोट भरले म्हणून आला आहात, असे प्रभूने त्यांना तोंडावर सांगितले. शाळेतल्या त्या मुलाला ही जागा ठाऊक नव्हती, हे माझे नशीब! पण त्यातला क्रम पाहावा. आधी जेवू घातले, बोलणे दुसऱ्या दिवशी. गवतावर बसलेल्यांपैकी एकालाही, तू कशासाठी आलास, असे भाकर देण्यापूर्वी विचारलेले नाही. आणि ज्या तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्ताकडे आलो असे टिळक म्हणत, त्या तुकोबांवर तरी दारिद्र्य कसे आले? १६३० च्या दुष्काळात दुकान बुडाले, पहिली बायको अन्नावाचून गेली. गहाणखते इंद्रायणीत सोडल्याची जी कथा आपण सांगतो, ती त्यानंतरची. आधी ते कोसळले होते. पत्करले ते मागाहून. मग माझ्या पणजोबांनीच काय पाप केले होते? माणूस कोणत्या दाराने आत आला, यापेक्षा आत आल्यावर तो कसा राहिला, हे मोठे नव्हे काय?

सकाळी पहिल्या तासापूर्वी मी मंदिरामागच्या खोलीकडे निघालो. वाटेत बोलायचे वाक्य जुळवीत होतो. "काका, काल सहज म्हणालो," "काका, घरी पाहिले तर असे झाले की," अशी अनेक वाक्ये बनविली आणि मोडली. वाक्यपृथक्करण शिकविण्यात माझी हयात गेली, पण मागण्याचे साधे वाक्य मला बनविता येईना. शेवटी दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "काका, मी काल खोटं बोललो. घरात पीठ नाही. ज्वारी हवी आहे."

काकांना आश्चर्य वाटलेले दिसले नाही. दारामागे हात घालून त्यांनी तीच पिशवी काढली. "सोडलीच नव्हती, सर."

मग मला राहवले नाही. म्हणालो, "काका, आणखी एक. परवा थैलीत मी हात घातला, पण मूठ रिकामी होती."

काका हसले. "दर रविवारी दोन-चार तरी असतात, सर. थैली हातात घेतली की वजनावरून कळतं. म्हणून तर ती मखमलीची आहे!" मग पिशवीचे बंद माझ्या हातात देत ते म्हणाले, "बहात्तरच्या दुष्काळात मी चौदा वर्षांचा होतो. सरकारी कामावर सुकडी मिळायची, ती खाऊन वाढलो. घेतल्यावाचून कोण मोठा झालाय, सर?"

दहा किलो ज्वारी घेऊन मी भर रस्त्यातून घरी आलो. दोन विद्यार्थी भेटले. एकाने पिशवीला हात लावला. मी तो लावू दिला.

त्या रात्री आमच्या घरी पुष्कळ दिवसांनी भाकरी थापल्याचा आवाज झाला. जेवणापूर्वीची प्रार्थना मला म्हणायची होती. घसा भरून आला म्हणून ती मुलीने म्हटली. जेवण झाल्यावर मी तिला पणजोबांची गोष्ट सांगितली. या वेळी ज्वारीची. ती लक्ष देऊन ऐकत होती. शेवटी म्हणाली, "ही जास्त चांगली आहे, बाबा. कीर्तनाची मला खरी वाटायची नाही."

पुढच्या रविवारी प्रभुभोजन होते. आधी थैली आली. मी ती दोन्ही हातांनी धरली आणि शेजाऱ्याकडे दिली. आभाळ कोसळले नाही. शेजाऱ्याने पाहिलेसुद्धा नाही. मग भाकर घ्यायला आम्ही पुढे जाऊन गुडघे टेकले. माझ्या एका बाजूला बँकेतले गृहस्थ होते, दुसऱ्या बाजूला काका. इतकी वर्षे मी तिथे जात होतो, पण एक गोष्ट त्या दिवशी प्रथम दिसली. त्या मेजापुढे सगळ्यांचे हात सारखेच असतात. तळवे वर केलेले आणि रिकामे. मिटलेल्या मुठीत तिथे काही ठेवता येत नाही.

थोड्याच दिवसांत दिवाळी आली. समोरच्या वहिनींकडून नेहमीप्रमाणे फराळाचे ताट आले. ताट रिकामे परत पाठवायचे नाही, ही आपल्याकडची रीत. आणि घरात गोड करायला काही नव्हते. एरवी मी पुन्हा एखादे चांगले कारण शोधले असते. पत्नीने मात्र दोन गरम भाकरी केल्या, वर मिरचीचा ठेचा ठेवला आणि ताट झाकून पाठवून दिले. मी संकोचाने दाराआड उभा होतो. दहा मिनिटांनी वहिनींचा मुलगा पळत आला. "काकू, आईनं विचारलंय, आणखी दोन मिळतील का? चकल्या आणि लाडू खाऊन सगळे कंटाळलेत."

बिलाचे पैसे नाताळ उलटल्यावर आले. उसने फेडले, हप्ते भरले. थैलीत पुन्हा काही पडू लागले, पण पाकीट मी सोडून दिले. त्या वर्षीचा अहवाल आला, तेव्हा यादीत माझ्या नावापुढे काही महिन्यांच्या रकान्यांत नुसत्या आडव्या रेघा होत्या आणि नाव काकांच्या नावाखाली गेले होते. तो अहवाल मी जपून ठेवला आहे. एरवीचे अहवाल रद्दीत जातात.